उघडे अप्पा

आमच्या सोसायटीत अप्पांना ‘उघडे’ म्हणतात. ते त्यांचं आडनाव नाही. पण नाव इतकं चिकटलं, की एकदा एका लग्नपत्रिकेवर ‘श्री. उघडे, सहकुटुंब’ असं लिहून आलं. अप्पांच्या पत्नी माई तीन दिवस त्या लग्नघराशी बोलल्या नाहीत. अप्पा म्हणाले, “पत्रिका पोचली ना? मग नाव बरोबर आहे.” आणि पत्रिकेवरचा सोनेरी गणपती नखानं अलगद सोडवून तो कशानं चिकटवला होता ते पाहत बसले.

अप्पांच्या हाती आलेली वस्तू उघडली जाते. बिघडलेली तर कुणीही उघडतं. अप्पा चालू वस्तू उघडतात. भिंतीवरचं घड्याळ, इस्त्री, दारावरची घंटा, नातवाची रिमोटची मोटार. “आत काय आहे ते माहीत नसताना वापरायची कशी?” असा त्यांचा सवाल असतो. आपण सगळे आयुष्यभर तेच करत आलोय, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

दोन वर्षांपूर्वी चटणी वाटताना आमच्या मिक्सरला जळका वास आला. अप्पा चहाला आले होते. त्यांच्या खाकी बुशशर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक बुटका स्क्रूड्रायव्हर असतोच. कप खाली ठेवायच्या आत मिक्सर पालथा झाला. “कार्बन झिजलाय,” अप्पा म्हणाले. निदान तंतोतंत खरं होतं. दुसऱ्या दिवशी नवे कार्बन आणून बसवायचं काम मात्र माझ्याकडे आलं. तळाचे स्क्रू चार, डोक्यांवर हळदीचे पिवळे डाग. ओट्यावर सापडले तीन.

“अप्पा, चौथा?”

त्यांनी खिसा चाचपला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “असेल. तीनवरही चालतो.”

चालतो खरा. अगदी शब्दशः चालतो. सुरू केला की ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. आमच्याकडे चटणी वाटायला दोन माणसं लागतात.

तर अशा अप्पांच्या हाती गेल्या दसऱ्याला त्यांच्या भाच्यानं एक आख्खी मोटार दिली.

मोटार साधीसुधी नव्हती. सॅन स्टॉर्म. भारतात बनलेल्या मोजक्या स्पोर्ट्‌स कारपैकी एक. रेल्वेची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या बंगळुरूच्या घराण्यातल्या कंपनीनं १९९८ साली ती बाजारात आणली. आखणी फ्रेंचांची, इंजिन रेनोचं ११४९ सीसीचं, अंग फायबरग्लासचं आणि कारखाना गोव्यात. दोन माणसांची, बसकी, वरचं छत कापडी. फार थोड्या निघाल्या. त्यातली ही एक भाच्यानं गोव्यातून हुडकून आणली होती. सोसायटीतल्या बायकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकमतानं विचारलं, “दोनच सिटा? मग सासूबाई कुठे बसणार?” भाच्याचं लग्न ठरायचं होतं. तो म्हणाला, “त्याच विचारानं घेतलीय.”

भाचा पुण्याला संगणकातला. त्याची तक्रार एकच. चाळीसचा वेग आला की डॅशबोर्डच्या पोटातून आवाज यायचा: टक्‌… टक्‌-टक्‌. पुण्यातल्या एका मेकॅनिकनं सांगितलं होतं, “डॅश उतरवायला लागेल. पण जुनं प्लॅस्टिक आहे. तुटलं तर दुसरं कुठून आणू? मी हात लावत नाही.” म्हणून भाचा मामाकडे आला. “मामा, दहा दिवस ठेवतो. जरा बघा.”

‘जरा बघा’ हे अप्पांना म्हणू नये. माईंनी भाच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात पस्तीस वर्षांचा संसार होता.

कारण अप्पा नोकरीतही तेच करत आले होते. सातपूरच्या आयटीआयमधून निघाले ते थेट ओझरला, एचएएलमध्ये. १९६४ साली मिग विमानांसाठी हा कारखाना ओझरला आला आणि नाशिकच्या कित्येक घरांचं घड्याळ ओझरच्या बसवर लागू लागलं. अप्पा ओव्हरहॉलला, इन्स्ट्रुमेंट फिटर. विमान ठरावीक तास उडालं की ते ओझरला येणार, त्याचा तुकडान्‌तुकडा सुटा होणार, तपासला जाणार आणि पुन्हा जुळवून विमान उडणार. त्यात कॉकपिटमधलं पॅनेल उतरवणं हे अप्पांचं काम. आधी मिग-२१, पुढे मिग-२७. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला हवाई दलानं शेवटचा निरोप दिला, तेव्हा अप्पा टीव्हीसमोर उभे राहिले होते. माईंनी चहा आणला तर तोही त्यांनी उभ्यानं घेतला. त्यानंतर आठवडाभर त्यांनी काहीच उघडलं नाही. आम्ही काळजीत होतो. तेवढ्यात ही गाडी आली.

पहिल्या दिवशी अप्पांनी गाडीला स्क्रूड्रायव्हर लावलाच नाही. वही घेऊन आत बसले. डॅशबोर्डचं चित्र काढलं, दिसेल त्या स्क्रूला नंबर दिला. दुसऱ्या दिवशी प्लायवूडचा एक फळा आला. त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यार उचललं की त्याची सावली मागे दिसणार. एकोणीस हत्यारं. संध्याकाळी मोजणी झाल्याशिवाय गाडीवर कापड पडायचं नाही. “कॉकपिटमध्ये सुटा नट राहिला आणि विमान उलटं झालं, तर तो नट कुठं जाईल? विमान चालवायच्या दांड्याच्या सांध्यात. दांडा अडकला की वैमानिक गेला. बाहेरची वस्तू आत राहता कामा नये. फॉरेन ऑब्जेक्ट!” ही गाडी उलटी व्हायची नाही, असं मी म्हणालो. “नाशिकचे स्पीडब्रेकर पाहिलेत ना?” अप्पा म्हणाले.

मग घरोघरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची मागणी गेली. एकतीस डबे जमले. केशराचे डबे डाव्या बाजूला, आम्रखंडाचे उजव्या. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी: ‘डबा ७. ग्लव्ह बॉक्स, डावी बिजागरी. स्क्रू २, वॉशर २ (एक गंजका).’ तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून माईंकडे दिलं, बॅटरीकडे वळले आणि मंत्र म्हटल्यासारखे म्हणाले, “पहिला मायनस.” मायनसची तार सुटली, तिच्यावर फडकं गुंडाळलं गेलं. यज्ञ सुरू झाला. त्या यज्ञात पहिली आहुती माझ्या स्कूटरच्या जागेची पडली. स्कूटर पुढे सहा महिने वॉचमनच्या खोलीमागे उभी होती.

डॅशबोर्ड काढणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. गाडी बनवणाऱ्याला एक गोष्ट लपवायची असते: ती जोडलेली आहे ही. म्हणून स्क्रू दिसतात चार आणि असतात चौदा. एक टोपणाखाली, एक गालिच्याच्या घडीत, एक दार उघडल्यावरच दिसेल असा कडेला, आणि एक असा, की तो डोळ्यांना कधीच दिसत नाही, बोटांनीच भेटतो. त्याला भेटायला अप्पा उलटे झोपत. पाठ सिटावर, डोकं पेडलपाशी, हात डॅशच्या पोटात आणि पाय उघड्या छतातून वर आकाशाकडे. सदुसष्टाव्या वर्षी. सकाळी दूधवाला पहिल्यांदा आला, तेव्हा कॅन तिथेच ठेवून पळाला. पुढे सगळ्यांना सवय झाली. लोक अप्पांच्या पायांशी बोलायला लागले. पाणीपट्टीची वर्गणी पायांकडे मागितली जाई. पायांचा होकार असेल तर अंगठा हलायचा.

जुनं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं. ते नरम करायला माझ्या मुलीचा केस वाळवायचा ड्रायर गेला. क्लिपा उचकटायला लोखंड चालत नाही, ओरखडा येतो. म्हणून माईंचं लाकडी उलथनं गेलं. त्या रविवारी माईंनी पोहे डावानं परतले आणि ते खाली लागले. अप्पांनी लागलेले पोहे तक्रार न करता खाल्ले. एवढा संशोधनाचा खर्च कुणीही सोसतो.

त्याच दिवसांत माझं आणि माझ्या मुलाचं बिनसलं होतं. त्याला इंजिनीअरिंग सोडायचं होतं, मला सोडू द्यायचं नव्हतं. घरात रोज आवाज चढायचे. एकदा मी गाडीशेजारी स्टुलावर बसून हे सगळं अप्पांच्या पायांना सांगत होतो. पाय स्तब्ध होते. आतून अप्पांचा आवाज आला, “जोर लावू नका.”

“बापानं जोर लावायचा नाही तर काय…”

“मी या कडेचं म्हणतोय,” अप्पा म्हणाले. ते स्वतःशीच बोलत होते. “जोर लावावा लागला की समजायचं, एक स्क्रू आपल्याला दिसलेला नाही. ओढलं की तुटतं. थांबायचं, हात फिरवायचा.” जरा वेळानं खट्ट झालं, बाहेर एक हात आला, त्यात बोटभर स्क्रू. मी तसाच घरी गेलो. मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा काही सांगितलं नाही, विचारलं. काय निघालं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण स्क्रू होता.

तिसऱ्या आठवड्यात टक्‌-टक्‌ सापडली. हवेच्या नळीत टरफलासकट एक काजूची बी होती. गोव्याच्या एखाद्या उंदरानं हिवाळ्याची बेगमी म्हणून ठेवली असणार. चाळीसचा वेग आला की ती इकडून तिकडे धावायची. अप्पांनी ती चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. “अस्सल गोव्याचा पार्ट,” असं म्हणून तिला वेगळा डबा दिला: क्रमांक २२, केशर-पिस्ता.

सोसायटीनं सुटकेचा श्वास टाकला. मी म्हणालो, “चला, रोग सापडला. आता पोट शिवून टाका.”

देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्याला मागून कुणी ओरडून सांगावं, ‘अहो, तुमच्या हरवलेल्या चपला सापडल्या, परत या,’ तेव्हा तो जसा बघेल, तसं अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजासाठी का कुणी डॅश उघडतं? आवाज हे निमित्त होतं.

दिवाळी झाली. घड्याळांची चौकट उतरली, हवेच्या जाळ्या उतरल्या. वायरींचा झुबका मोकळा झाला. प्रत्येक वायरीला निळ्या दोऱ्याची एक गाठ आणि चिठ्ठी. निफाडकडून थंडी आली, तरी कानटोपी घातलेले अप्पा पेडलपाशी होतेच. दर रविवारी भाच्याचा फोन यायचा. अप्पा खोटं बोलत नाहीत. “काम चालू आहे. नव्वद टक्के झालं,” म्हणायचे. काय नव्वद टक्के झालं, हे भाचा विचारायचा नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. डॅशबोर्ड अख्खा बाहेर, सतरंजीवर पालथा. “बघा,” ते म्हणाले आणि टॉर्च मारली. पुढून काळाभोर, मागून मात्र खरखरीत, मधाच्या रंगाचा. काचेच्या धाग्यांचं जाळं रेझिनमध्ये गोठलेलं दिसत होतं. एका ठिकाणी ब्रशाचा एक केस अडकून राहिलेला. कडेला पेन्सिलीचा बाण. आणि बाणाजवळ रेझिन ओलं असताना लागलेलं कुणाचं तरी बोट, रेषांसकट.

“पुढची बाजू गिऱ्हाइकाची असते,” अप्पा हळू आवाजात म्हणाले, “मागची बनवणाऱ्याची. हे बोट गोव्यातल्या कुणा पोराचं. पंचवीस वर्षांत या बाजूला कुणी बघितलं नाही. मी बघितलं.” मला वाटलं, आता ते नमस्कार करतात की काय. त्यांनी टॉर्च बंद केली. नमस्कारच तो.

पुढच्या रविवारी त्यांनी भाच्याला फोनवर विचारलं, “डॅशला रंग देऊ का? निळसर हिरवा?” मिग-२१ चं कॉकपिट आतून त्याच रंगाचं. भाचा किंचाळला. “बरं, मग मधोमध एक पांढरी उभी रेघ?” ही रेघही मिगमधली. विमान गरगरत खाली यायला लागलं की वैमानिकाला डावंउजवं कळेनासं होतं. तेव्हा दांडा त्या रेघेच्या रोखानं पुढे धरायचा, म्हणजे तो बरोबर मध्यात राहतो. “अशी रेघ प्रत्येक घरात पाहिजे,” असं अप्पांचं मत. भाच्यानं रेघेलाही नकार दिला. त्याच फोनवर त्यानं स्वतःची बातमी सांगितली: मुलगी पसंत पडलीय, एप्रिलमध्ये साखरपुडा, नाशिकलाच. आणि तिला या गाडीतून फिरवून आणायचंय.

त्या दिवसापासून अप्पा गप्प झाले. रोज खाली जायचे, डबे पुसायचे, चिठ्ठ्या वाचायचे, कापड टाकून परत यायचे. मी शेवटी विचारलंच, “अप्पा, बसवायला कधी घेताय?”

ते बराच वेळ हत्यारांच्या फळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पस्तीस वर्षं काढलं. बसवलं एकदाही नाही.”

“म्हणजे?”

“बसवणारं शॉप वेगळं. आमचं काम काढायचं, चिठ्ठी बांधायची, ट्रॉलीवर ठेवायचं. ट्रॉली पलीकडे जायची. पुढं काय होतं ते कधी दिसलं नाही. विमान उडताना दिसायचं, तेवढंच.”

मला एकदम आमचा मिक्सर समजला. पस्तीस वर्षांत त्यांना अर्धंच काम नेमून दिलं होतं, आणि ते त्यांनी निर्दोष केलं होतं.

‘पलीकडच्या’ शॉपमधले एक नाना पिंपळगाव बसवंतला आहेत, हे माईंनी शोधून काढलं. निवृत्तीनंतर नाना द्राक्षबागेत गुंतलेले. निरोप आला: ‘माल निघाल्याशिवाय येत नाही.’ फेब्रुवारी गेला, मार्च गेला. बाग रिकामी झाली आणि खरड छाटणीच्या आधी मिळालेल्या चार दिवसांत, साखरपुड्याला दहा दिवस उरलेले असताना, नाना द्राक्षांची पेटी घेऊन उतरले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही. हात पुढे केला.

“कागद?”

“कसला कागद?” भाचा घाबरून म्हणाला. तो पुण्याहून आला होता.

“काढल्याचा कागद. काय काढलं, कुठून काढलं, कितीनं काढलं. कागद नसंल तर मी हात लावत न्हाई.”

अप्पांचा चेहरा असा उजळला, की जणू पस्तीस वर्षं कुणी हे विचारावं म्हणून ते थांबले होते. त्यांनी वही काढली. एकशे चौदा पानं, चित्रांसह. नानांनी चष्मा लावून ती तिथंच उभ्यानं चाळली. मग वायरींच्या झुबक्याकडे गेले आणि एक गाठ बोटात धरून थबकले.

“निळा दोरा,” ते म्हणाले. “आडवी फिरवून दुहेरी गाठ. ही गाठ मी वीस वर्षं सोडलीया. आमच्या शॉपात म्हणायचे, निळ्या दोऱ्याचं पॅनेल आलं की डोळे मिटून बसवा. त्यो निळ्या दोऱ्याचा माणूस कोण, ते मातर कधी कळलं न्हाई.”

“मीच तो,” अप्पा म्हणाले.

एकाच गेटातून पस्तीस वर्षं आत गेलेली ही दोन माणसं. एकमेकांना नमस्कार करायचा की मिठी मारायची, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी दोघांनी मिळून डबा क्रमांक एक उघडला.

बसवणं हा काढण्याचा उलटा सिनेमा असतो, असं मला वाटायचं. तसं नसतं. अप्पा डबा देत, चिठ्ठी मोठ्यानं वाचत; नाना स्क्रू लावत, पण आवळत नसत. “आधी सगळे धरवायचे,” ते म्हणाले. “एक आवळला की बाकीची भोकं रुसतात. सगळे धरले, मग फिरून आवळायचे, हलक्या हातानं. फायबर हाय, लोखंड न्हाई.” आणि भाच्याकडे वळून, “सासरीबी हेच ध्यानात ठेवा.”

संध्याकाळी साडेपाचला एकतिसावा डबा रिकामा झाला. काजूची बी भाच्याच्या हाती दिली. आधी प्लसची तार, मग मायनसची. गाडी सुरू झाली. नाना चालवायला, अप्पा शेजारी. गंगापूर रोडनं सोमेश्वरपर्यंत जाऊन दोघे परत आले.

“आवाज?” भाच्यानं विचारलं.

“काही नाही,” अप्पा म्हणाले. एखादं माणूस गेल्याचं सांगावं तसं म्हणाले.

हत्यारं मोजली: एकोणीस. डबे रिकामे. भाच्यानं पेढे काढले. नानांनी सहीसाठी पेन काढलं आणि सवयीनं एकदा गाडीच्या तळात हात फिरवला. तो बाहेर आला तेव्हा त्यांच्या चिमटीत एक स्क्रू होता.

कुणी बोलेना.

“चिठ्ठी?” नाना म्हणाले.

अप्पांनी वही उलटसुलट चाळली. या स्क्रूची नोंद नव्हती. त्यांचा हात खाकी बुशशर्टाच्या खिशापाशी गेला, क्षणभर थांबला आणि खाली आला. “नाही.”

“मंग सही न्हाई. फॉरेन ऑब्जेक्ट. कुठला हाय ते कळल्याबिगर गाडी सोडायची न्हाई.” नानांनी पेनाला टोपण लावलं.

मी पुढे वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढा स्क्रू, अधिकाच्या खाचेचा. डोक्यावर हळदीचा पिवळा डाग.

मी तोंड उघडलं. भाचा दहा बोटांवर दिवस मोजत होता. माई जिन्यात उभ्या होत्या. नानांनी उपरणं काढून बॉनेटवर ठेवलं होतं. आणि अप्पा… आवाज गेल्यापासून विझलेल्या त्या चेहऱ्यावर मी सहा महिन्यांपूर्वीची ती पहिली सकाळ परत आलेली पाहिली.

मी तोंड मिटलं. आमचा मिक्सर तीनवरही चालतो.

अप्पांनी अंगठी आणि घड्याळ काढून माईंकडे दिलं.

“पहिला मायनस,” ते म्हणाले.